व्हिएन्ना की प्राग? निकाल पाण्यानं लागला

म्युनिकला लेकीकडे पोचून जेमतेम आठवडा झाला होता. रविवारी सकाळी पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरवत ती म्हणाली, "आई, पुढच्या आठवड्यात मला दोन दिवस रजा मिळतेय. शनिवार-रविवार धरून तीन रात्री कुठेतरी जाऊन येऊ. व्हिएन्ना किंवा प्राग. दोन्ही जमणार नाही. बुधवारपर्यंत ठरवा, तिकिटं रोज महाग होतायत."

ह्यांनी मोबाइलमधून मान वर न करताच सांगून टाकलं, "प्राग."

मी विचारलं, "का?"

"जावा."

ज्यांच्या घरी जावा किंवा येझदी होती, त्यांना यापुढे काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. जावा ही मूळची प्रागची मोटारसायकल. यानेचेक नावाच्या कारखानदारानं १९२९ साली वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचा धंदा घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा केलं. पुढे म्हैसूरला तिचा कारखाना निघाला, तिथेच ती येझदी झाली. ह्यांच्याकडे लग्नाआधीपासून येझदी होती. किक आणि गिअर एकाच दांडीला, आणि फटफट अशी की हे गल्लीच्या तोंडाशी आले की मी कुकर लावायची. ती गाडी विकून पंचवीस वर्षं झाली, पण तिचं आरसी बुक अजून आमच्या कपाटात लग्नाच्या अल्बमशेजारी आहे. प्रागच्या तंत्रज्ञान संग्रहालयात जुन्या मोटारगाड्या, विमानं, मोटारसायकली असं सगळं एका मोठ्या दालनात मांडलेलं आहे, हे ह्यांनी लातूरहून निघायच्या आधीच शोधून ठेवलं होतं.

मला व्हिएन्ना हवं होतं. का, ते धड सांगता येत नव्हतं. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यात व्हिएन्नातून वाहणारी डॅन्यूब नदी दरवर्षी फळ्यावर काढली, कदाचित म्हणून असेल. पण असलं कारण जावासमोर टिकत नाही. तेव्हा मी तटस्थपणाचा आव आणला आणि वही घेतली. मधोमध रेघ मारली. डावीकडे व्हिएन्ना, उजवीकडे प्राग.

पहिल्यांदा भिशीच्या ग्रुपवर विचारलं, कारण आमच्यातल्या चौघीजणी युरोपची टूर करून आल्या आहेत. एकीनं लिहिलं, "प्राग म्हणजे अगदी परीकथा गं." दुसरी म्हणाली, "व्हिएन्नाला आम्ही साडेतीन तास होतो. राजवाडा बाहेरून पाहिला. जेवायला राजमा-भात होता, गरम होता." तिसरीला दोन्ही शहरं आठवत होती, पण कुठलं कुठलं ते नाही. तिनं पुलावरचा फोटो पाठवला आणि विचारलं, "हे काय आहे बघ गं तूच." ते बुडापेस्ट निघालं. चौथीनं फक्त नमस्काराचे हात टाकले.

मग वहीचं काम मन लावून सुरू केलं. व्हिसाचा प्रश्न नव्हता. आमचा जर्मनीचा शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियालाही चालतो आणि चेक देशालाही. प्रवासाच्या ओळीत मात्र भूगोलाच्या बाईंना चक्रावणारी गोष्ट निघाली. म्युनिकहून प्राग जवळ आणि व्हिएन्ना लांब, तरी आगगाडीनं व्हिएन्ना चार तास आणि प्राग साडेपाच-सहा. लेक म्हणाली, "चुकून उलट लिहिलंस की काय?" नकाशा उघडला तेव्हा उलगडा झाला. व्हिएन्नाची गाडी साल्झबुर्ग, लिंझ करत मोठ्या, विजेच्या, दुहेरी मार्गानं सुसाट जाते. प्रागची गाडी बोहेमियाच्या जंगलातल्या डोंगरांतून वळणं घेत जाते आणि त्या मार्गाच्या बऱ्याच भागात अजून डिझेल इंजिन लागतं. व्हिएन्नाला एक गुण.

पैशाच्या ओळीत प्राग पुढे गेलं. राहणं स्वस्त, खाणंही स्वस्त. फक्त तिथे युरो चालत नाही, कोरुना लागतात, एका युरोला साधारण २५. रस्त्यावरच्या पैसे बदलून देणाऱ्या खिडक्यांवर जपून, असं जावईबापूंनी बजावलं. कमिशन शून्य असं मोठ्या अक्षरांत लिहितात आणि भावातच कापतात. शेवटी प्रागला दीड गुण दिला. ह्यांनी त्यावर आक्षेप घेतला, "अर्धा कशाला कापला?" मी म्हटलं, हिशेब करायच्या त्रासाचा.

जेवणाची ओळ खोडून टाकली. दोन्हीकडे भारतीय खाणावळी भरपूर आहेत आणि चीज, बटाटा, पाव हे तर युरोपभर मिळतंच.

आता गुडघे. माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून बोलतो. प्रागमध्ये जुन्या शहरात सगळीकडे दगडी फरसबंदी, आणि किल्ला टेकडीवर. अर्थात २२ नंबरची ट्राम थेट किल्ल्याच्या वरच्या बाजूला सोडते, त्यामुळे चढायचं नाही, फक्त उतरायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ठाऊक असतं की उतरणंच वाईट. त्यात लेकीनं कौतुकानं एक व्हिडिओ दाखवला. प्रागच्या मेट्रोचं एक स्टेशन इतकं खोल आहे की तिथला सरकता जिना ८७ मीटर लांब. पाहूनच माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "अगं, त्या स्टेशनवर आपल्याला उतरायचंच नाहीये." पण मनात जे बसलं ते बसलं. व्हिएन्नाच्या ट्रामची पायरी मात्र फुटपाथच्या जवळजवळ बरोबरीला असते आणि भुयारी रेल्वेच्या स्टेशनांना लिफ्ट. व्हिएन्नाला दोन गुण दिले. "हा पक्षपात आहे," असं वहीच्या कडेला ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

पाहण्यासारखं काय, या ओळीवर तर दोन दिवस गेले. प्रागचा चार्ल्स पूल घ्या. १३५७ साली पायाभरणी, ५१६ मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, आणि माणसांनाच जायला मोकळा. चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० सालचं. इकडे व्हिएन्नात शोनब्रुनचा राजवाडा १४४१ खोल्यांचा, शिवाय ऑपेरा, चित्रांची संग्रहालयं. हे कशाला कशाशी ताडून बघायचं? परीक्षेच्या पेपरात "फरक स्पष्ट करा" म्हणून मी मुलांना वर्षानुवर्षं छळलं, त्याची फेड झाली.

मंगळवारी रात्री मी शेवटचं अस्त्र काढलं. "अहो, हिरो पुक आठवते का? ती मोपेड? ती पुक कंपनी ऑस्ट्रियाचीच."

हे काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. "येझदीची आणि पुकची बरोबरी करतेस?"

विषय संपला. मी वही मिटली. जाऊ दे, प्रागला जाऊ, उतार असेल तिथे मी चहा पीत बसेन, असं मी खरंच मनाशी ठरवलं होतं.

तेवढ्यात लेक फोनवरून वाचत होती, व्हिएन्नात बाटलीबंद पाणी घ्यायची गरज नाही, नळाला थेट आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, वगैरे. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पंप कुठे बसवलेत बघ."

तिनं पुढे वाचलं. "पंप नाहीत, बाबा. सगळं उतारानं येतं."

इथे सांगायला हवं की हे पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते. सगळी नोकरी मराठवाड्यात. आणि आम्ही लातूरचे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकर-डब्यांतून आमच्या गावाला पाणी आलं, ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आम्ही घरातून पाहिलं. त्या उन्हाळ्यात भांडी घासलेलं पाणी संडासाला आणि भाज्या धुतलेलं कुंडीला, असं माझं वेळापत्रक होतं. ह्यांना निवृत्त होऊन तेव्हा वर्ष झालं होतं, तरी रात्री दोनला उठून अंगणात फेऱ्या मारायचे. मांजरा धरण कोरडं पडल्यावर इंजिनिअरनं काय करायचं असतं, हे त्यांना कुणी विचारत नव्हतं, आणि त्यांच्याकडे उत्तरही नव्हतं.

म्हणून "पंप नाहीत" हे ऐकून माणूस उठून टेबलापाशी येऊन बसला. रात्री एक वाजेपर्यंत बापलेकीचं तेच चाललं होतं. पहिली वाहिनी १८७३ सालची, राक्स आणि श्नीबर्गच्या डोंगरांतून. दुसरी १९१० सालची, आणखी लांबून, श्टायरमार्कमधून, तिच्यातलं पाणी शहरात पोचायला दीड दिवस घेतं. दऱ्या आल्या तिथे दगडी कमानी, डोंगर आले तिथे बोगदे, आणि सगळ्या मार्गाला बेतशीर उतार. वाटेत जिथे उतार जास्त, तिथे त्याच पाण्यावर वीज तयार करतात. ह्यांना हे शेवटचं वाक्य तीनदा वाचून दाखवावं लागलं. आयुष्यभर ज्या माणसानं पंपिंगच्या विजेच्या बिलांवर सह्या केल्या, त्याला पाणीच वीज देतं म्हटल्यावर काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक.

मी तोवर बाजूला होते. पण या योजनेमागचा माणूस कोण, असं लेकीनं शोधलं आणि नाव वाचलं, एडुआर्ट झ्यूस, भूगर्भशास्त्रज्ञ. मी ताडकन उठले. झ्यूस! गोंडवानावाला झ्यूस! आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून तिथल्या खडकांना गोंडवाना हे नाव पडलं होतं. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका एकेकाळी जोडलेली होती त्या भूखंडाला तेच नाव देणारा हाच माणूस. दर वर्षी चंद्रपूरच्या कोळशाचा धडा शिकवताना मी फळ्यावर गोंडवाना लिहायचे, त्याच्याखाली कंसात झ्यूसचं नाव लिहायचे, आणि मुलं ते वहीत चुकीचं उतरवायची. पण तो नगरपरिषदेत निवडून गेला होता, विहिरींच्या घाण पाण्यानं माणसं टायफॉइडनं मरतात म्हणून डोंगरावरून पाणी आणण्यासाठी भांडला होता, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पुस्तकात नव्हतं, म्हणून मलाही नव्हतं.

लेक आणखी वाचत होती, "जन्म १८३१, लंडन. बालपण प्रागमध्ये. नंतर कुटुंब व्हिएन्नाला गेलं."

हे म्हणाले, "बघ. तोसुद्धा प्राग सोडून व्हिएन्नालाच गेला."

अशी निवड झाली. वहीतल्या गुणांची बेरीज कुणी केलीच नाही.

तिकिटं बुधवारी सकाळी काढली आणि राहायला एक छोटं पेन्शन घेतलं. तिकडे घरगुती लॉजला पेन्शन म्हणतात, यावर ह्यांनी दिवसभर विनोद केले. तिथे माझी फजिती झाली. माझ्या गुडघ्यासाठी लेकीनं मुद्दाम पहिल्या मजल्यावरची खोली घेतली होती. पण व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर उंच तळमजला असतो, मग मेझनीन असतो, आणि मग कुठे पहिला मजला लागतो. म्हणजे आपला तिसरा. लिफ्ट होती, पण ती उंच तळमजल्यापासून सुरू होत होती. लिफ्टपर्यंत पोचायला चौदा पायऱ्या. दिवसातून चार वेळा मी त्या मोजल्या. दोन गुण देऊन घेतलेलं शहर ते हेच.

आंघोळ झाली, तोवर हे न्हाणीघरातल्या नळाखाली ग्लास धरून उभे होते. पाणी थंडगार होतं, मे महिन्यात फ्रीजमधून काढल्यासारखं. "क्लोरिनचा वास नाही," ते म्हणाले. दुसरा ग्लास प्यायले. मग मला दिला. मला पाण्यासारखं लागलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही श्वार्त्सेनबर्ग चौकात गेलो. लोक व्हिएन्नात पहिल्या दिवशी स्टेफन्सडोमचं मोठं चर्च बघतात. आम्ही कारंजं पाहिलं. पहिली वाहिनी पुरी झाली तेव्हा, १८७३ साली, त्या पाण्याच्या स्वागतासाठी हे कारंजं बांधलं. मागे रशियन सैनिकांचं युद्धस्मारक, समोरून ट्रामा खडखडत जाताहेत, आणि मधे पाण्याचा उंच फवारा. वारा फिरला की तुषार अंगावर येत होते. शेजारच्या बाकावरचे लोक उठून लांब गेले. हे उठले नाहीत. मीही बसून राहिले. लेकीनं आमचा फोटो काढला, तो नंतर ग्रुपवर टाकला तेव्हा राजमा-भातवालीनं विचारलं, "हे काय, भिजलात कशा?"

बाकी शहराबद्दल थोडक्यात. शोनब्रुनमध्ये तिकीट काढून चाळीसेक खोल्या पाहिल्या. पंधराव्या खोलीनंतर सोनेरी वेलबुट्टी डोळ्यांना दिसेनाशी होते. मागची बाग मात्र फुकट आणि फार छान. कॉफी हाउसात कॉफीबरोबर छोट्या तबकात पाण्याचा ग्लास येतो, न मागता. ह्यांनी कॉफी सोडून तिघांचंही पाणी संपवलं. कलासंग्रहालयात ब्रॉयगलचं बाबेलच्या मनोऱ्याचं चित्र आहे, १५६३ सालचं. मी ढग बघत होते. हे चित्राच्या इतके जवळ गेले की पहारेकरीणबाई खाकरल्या. चित्रात मनोऱ्यावर एक क्रेन आहे आणि तिच्या मोठ्या चाकात माणसं चालताहेत, म्हणजे माणसांच्या पावलांवर चालणारी क्रेन. ती बघून आल्यावर हे म्हणाले, "चांगलं काढलंय. माणसाला बांधकाम कळत होतं."

आणि एक संध्याकाळ, जी वहीच्या कुठल्याच रकान्यात नव्हती. ऑपेराच्या बाजूच्या चौकात मोठा पडदा लावून आत चाललेला प्रयोग बाहेर दाखवतात. खुर्च्या मांडलेल्या, फुकट, येईल त्यानं बसावं. एप्रिल ते जून हे चालतं. आम्ही गेलो तेव्हा मागच्या रांगेत तीन खुर्च्या मोकळ्या होत्या. गोष्ट कळत नव्हती, उपशीर्षकं जर्मन. शेवटाकडे नायिका मरायला टेकली आणि मग दहा मिनिटं गात होती. ह्यांना संगीत नाटकं आठवली. एक म्हातारे गृहस्थ शेजारी ब्रेड खात बसले होते, त्यांनी मला हळूच कागदी पिशवी पुढे केली. मी आमच्या डब्यातली शंकरपाळी दिली. त्यांनी एक खाल्ली, पडद्याकडे बघत आणखी दोन घेतल्या. बोलणं काहीच झालं नाही.

निघायच्या सकाळी ह्यांनी दोन बाटल्या नळाखाली भरून घेतल्या. लेक म्हणाली, "बाबा, ट्रेनमध्ये मिळतं पाणी." ते म्हणाले, "हे घरी न्यायचंय, जावईबापूंना." परतीला जर्मन हद्दीत पोलीस गाडीत चढले, पासपोर्ट पाहिले. शेंगेन असलं तरी पासपोर्ट जवळ ठेवा, असं आम्हाला सांगितलेलं होतं, त्याचा उपयोग झाला. पोलिसांनी बाटल्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, याचं ह्यांना जरा वाईट वाटलं असावं.

घरी पोचल्यावर बाटली टेबलावर ठेवून ह्यांनी सगळी कथा सांगितली. झरे, कमानी, उतार, वीज. जावईबापूंनी शांतपणे ऐकून घेतलं. ते फार गुणी आहेत. मग म्हणाले, "बाबा, म्युनिकलाही डोंगराचंच पाणी येतं. मांगफाल खोऱ्यातून. १८८३पासून. तेही उतारानंच."

पंधरा दिवस हे माझ्या हातचं उकळलेलं पाणी पीत होते. उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाल्याचा आला नाही.

रात्री झोपताना मी पाहिलं तर अंधारात मोबाइल चमकत होता.

"काय बघताय?"

"प्राग," ते म्हणाले. "५२ किलोमीटरचा बोगदा आहे. झेलिव्हका धरणापासून. उतारानं."